मुतारीच्या किल्लीचा इतिहास

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. घरात सातवी ते बारावीतली मुलगी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका हायस्कूलला गेले होते. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच शाळेचं दुखणं नाही. एका वर्गात सातवी-आठवीच्या मुली बसवल्या होत्या. सर लोक बाहेर. आत आशाताई, आणि त्यांच्यासोबत गावातल्याच अकरावीतल्या दोन पोरी. ताई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या आणि बोलल्या त्या पोरीच. एकीने फळ्यावर मूत्रपिंडं, दोन नळ्या, मूत्राशय असं चित्र काढलं. चित्र काही फार सुबक नव्हतं. पण "लघवी" हा शब्द ती इतक्या सहज बोलली की मला माझी शाळा आठवली आणि जरा लाजच वाटली.

पाणी किती प्यायचं, लघवी का तुंबवायची नाही, धुताना पुढून मागे का धुवायचं, हे सगळं तिने सांगितलं. शेवटी एक बारकीशी पोरगी उभी राहिली. म्हणाली, "ताई, पाणी प्यायचं कळलं. पण मुतारीला कुलूप असतं आणि किल्ली शिपाईमामांकडे असते. मग पाणी पिऊन काय करायचं?"

वर्गात कुणी हसलं नाही. आशाताई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी याची बातमी केली. कार्यालयातून फोन आला, "मॅडम, शीर्षकात लघवी शब्द नको, काहीतरी सभ्य टाका." मग 'विद्यार्थिनींना आरोग्यविषयक मार्गदर्शन' अशा मथळ्याखाली चार ओळी आल्या आणि किल्लीचं वाक्य गळालं. म्हणून ही पोस्ट. त्या पोरीच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याच मातीतला आहे.

आधी माझं सांगते. मी नववीत होते. गाव ते शाळा एसटीने. सकाळी आठला घर सोडायचं ते संध्याकाळी सहाला परत. शाळेत मुलींची मुतारी होती, पण कुलूपबंद, आणि किल्ली शिपायाकडे. पुरुष माणसाकडे जाऊन किल्ली मागायची म्हणजे अख्ख्या शाळेला कळायचं की ही कुठे चालली. आम्ही पोरींनी सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळचा चहा तेवढा, बाकी घरी गेल्यावर. मार्चमध्ये मला लघवीला आग व्हायला लागली. आई म्हणाली, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. तीन दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या वर एका बाजूला कळा मारायला लागल्या. जिल्ह्याच्या दवाखान्यात पाच दिवस सलाईन. डॉक्टर आईवर चिडले, "उष्णता नाही ही, जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. आधी का नाही आणलं?" आई काय सांगणार? तिला तरी कुणी सांगितलं होतं?

आता त्यामागचं शास्त्र, जेवढं मला डॉक्टरांकडून समजलं तेवढं. लघवीच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारण असतो 'ई. कोलाय' नावाचा जंतू. तो आपल्या आतड्यातच राहतो. थिओडोर एशेरिक या डॉक्टरने १८८५ साली तो लहान मुलांच्या शौचात शोधला, त्याच्याच नावावरून जंतूचं नाव पडलं. आतड्यात तो फारसा त्रास देत नाही. मूत्रमार्गातून वर चढला की त्रास. बाईचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा २० सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय बाईची मूत्रमार्गाची वाट आणि शौचाची वाट जवळजवळ. म्हणून हा आजार बायका-मुलींना जास्त. यात चारित्र्याचा किंवा कुणाच्या 'वाईट सवयींचा' काही संबंध नाही. लघवी झाली की जंतू वाहून जातात. तासन् तास तुंबवली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. म्हणजे कुलूप हे नुसतं गैरसोयीचं नाही, आजाराच्या कारणांपैकी एक आहे.

आता मागे जाऊ.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखावरचा तो निबंध आपल्याला धर्म आणि जातीवरच्या सडेतोड सवालांसाठी माहीत आहे. पण त्यात तिने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, जी भाषणांत क्वचित येते. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं आणि थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हे ती सांगते. चौदा वर्षांची मुलगी बाईच्या शरीराचे हाल जाहीरपणे मांडते आणि त्यांचं नातं छपराशी, जागेशी जोडते. किल्लीचा प्रश्न विचारणारी आपली पोरगी याच वाटेवरची.

पुढे आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्याआधी त्यांनी बंगालमध्ये श्रीरामपूरला जाहीर भाषण केलं आणि आपण का चाललो ते सांगितलं. इथल्या बायकांना पुरुष डॉक्टरकडे जायचा संकोच वाटतो, म्हणून हिंदुस्थानात बाई डॉक्टर हव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. ज्या संकोचासाठी त्या सातासमुद्रापार गेल्या, तो संकोच माझ्या नववीतही होता. म्हणजे शंभर वर्षांनी.

तिसरं नाव र. धों. कर्व्यांचं. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं. वाचक शरीराबद्दल, लैंगिक अडचणींबद्दल पत्रं पाठवायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं छापायचे. त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र कर्वे जाईपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चाललं. माझ्या मथळ्यातला एक शब्द कापला गेला त्याचं दुःख मी कर्व्यांपुढे काय सांगावं? पण नव्वद वर्षांनंतरही शब्दच कापला जातो, हे नोंदवून ठेवते.

आता यात एक गोष्ट बघा. आनंदीबाई डॉक्टर होणार होत्या, कर्वे लिहिणार होते. दोन्हीकडे ज्ञान वरून खाली येणार होतं. जिला वाचता येत नाही, जी दवाखान्याची पायरी चढत नाही, तिच्यापर्यंत ते कसं पोचणार? याचं उत्तर आपल्या शेजारच्या जामखेडने दिलं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. तेव्हाचा नगर जिल्हा, दुष्काळी भाग. खेड्यात काम करायला त्यांनी आधी शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली, एकटी, तरुण नर्स, गावाला ती आपली वाटेना. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकमेकींना अनुभव सांगायच्या, शिकायच्या आणि गावात जाऊन शेजारणीला सांगायच्या. त्या भागात १९७१ च्या सुमारास हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तो आकडा कितीतरी पटींनी खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७९ मध्ये आरोळे पतीपत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे तिथे किशोरी मुलींचे गटही सुरू झाले.

जामखेडमधून काय शिकायचं? जिच्याकडून ऐकायचं ती आपल्यासारखीच असली की लाज निम्मी होते. डॉक्टर सांगतो तो उपदेश वाटतो. शेजारीण म्हणते, "अगं मला पण झालं होतं, मी असं केलं," ते पटतं.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला अनाथ सैनिकी मुलांची शाळा चालवायचा. त्याने तिथल्या गावठी शाळेत पोरं वाळूवर अक्षरं गिरवताना पाहिली. मोठ्या पोराने धाकट्याला शिकवायचं ही पद्धत त्याने आपल्या शाळेत राबवली. १७९७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि इंग्लंडात ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. ज्याला आज आपण 'पिअर एज्युकेशन' म्हणतो, त्याच्या एका मुळाशी आपल्याच देशातल्या ओसरीवरच्या शाळा आहेत.

जामखेडनंतर गडचिरोली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवीच्या संसर्गापुरता नव्हता, पण त्याने एक गोष्ट जगाला दाखवली. आपल्या बायका "अंगावर काढतात" म्हणतो, ते किती मोठं आहे. तोवर सरकारला बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच दिसायचं. मधलं सगळं अंधारात.

अंगावर काढलेलं पुढे कुठे जातं, तेही आपण पाहिलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं अनेक होती. मुकादमाची उचल, खाडा, खासगी दवाखान्यांचा धंदा. पण फडात आडोसा नाही, पाणी नाही, अंगावर पांढरं जाणं आणि ओटीपोटातलं दुखणं वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं, ही सुरुवात. या बायका कधीतरी आठवीत होत्या. त्यांना तेव्हा कुणी काही सांगितलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

शहरातही फार वेगळं नव्हतं. २०११ साली मुंबईत 'राइट टू पी' आंदोलन उभं राहिलं. कोरो संस्था आणि इतर अनेक संघटना त्यात होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता. सार्वजनिक मुतारीत पुरुषाला फुकट आणि बाईला पैसे, हा कुठला न्याय? आणि जिथे बाईसाठी जागाच नाही तिथे तिने काय करायचं? मी स्वतः इतकी वर्षं बातमीदारी करते. सभा, मोर्चे, मतमोजणी, दिवस दिवस बाहेर. अजून घरून निघताना पाण्याची बाटली बघून आधी विचार करते, आज जिथे जायचं तिथे सोय आहे का? नववीतली सवय गेलेली नाही.

कायदे झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या शाळांत सहा महिन्यांत सोय करा म्हणून बजावलं. २०१४ नंतर स्वच्छ विद्यालय मोहिमेत भराभर बांधकामं झाली. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावपातळीवर दोन मुली आणि दोन मुलगे असे समवयस्क शिक्षक निवडायचे, आशाताईंनी त्यांना सांभाळायचं, अशी रचना आहे. म्हणजे जामखेडच्या बायकांचीच कल्पना आता किशोरींच्या हाती दिली. कागदावर दोन्ही गोष्टी आहेत. माहिती देणारी मैत्रीण आहे आणि मुतारीही आहे. मध्ये कुलूप आहे.

आणि मला वाटतं आपली गल्लत इथेच होते. आरोग्य खातं म्हणतं आम्ही जागृती केली. शिक्षण खातं म्हणतं आम्ही बांधकाम केलं. दोघांचे अहवाल पूर्ण. पोरगी मात्र तहानलेली. नुसतं "पाणी प्या" सांगणं म्हणजे जबाबदारी तिच्यावरच ढकलणं झालं. उद्या तिला त्रास झाला तर म्हणायला मोकळे, सांगितलं होतं ना. म्हणून मैत्रिणीने मैत्रिणीला आजाराची माहिती द्यावी, आणि त्यासोबत किल्ली कशी मागायची हेही शिकवावं. चौघीजणी मिळून मुख्याध्यापकांकडे जायचं, अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. एकटीला लाज वाटते, चौघींना वाटत नाही.

त्या अकरावीतल्या पोरींनी सांगितलेल्या गोष्टी इथे लिहिते. एका डॉक्टरताईंकडून तपासून घेतल्या आहेत. मुलींना वाचून दाखवा, किंवा मोबाईल तिच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.

- दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं. परदेशात वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० प्रौढ बायकांवर वर्षभर अभ्यास झाला. त्या सगळ्या मुळात कमी पाणी पिणाऱ्या होत्या. त्यांतल्या ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लघवी पिवळीजर्द असेल तर पाणी कमी पडतंय.
- लघवी लागली की जायचं. दर तीन-चार तासांनी जायचंच, आणि घाईघाईने अर्धवट उठायचं नाही.
- शौचानंतर धुताना हात पुढून मागे. मागून पुढे नाही.
- आत साबण, डेटॉल, सुगंधी काही लावायचं नाही. साधं पाणी पुरे.
- चड्डी सुती, रोज धुतलेली, उन्हात वाळलेली. ओली घालायची नाही. पाळीत पॅड किंवा कापड वेळच्या वेळी बदलायचं.
- बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही. त्यानेही लघवी नीट होत नाही.
- आग होणं, सारखी लागणं, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ किंवा लालसर दिसणं, असं काही झालं तर आईला किंवा आशाताईंना सांगायचं आणि लघवी तपासून घ्यायची. ताप, हुडहुडी, पाठीच्या बाजूला कळा, उलटी असेल तर त्याच दिवशी दवाखाना.
- डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी पूर्ण घ्यायच्या. मेडिकलमधून मनाने आणायच्या नाहीत. धने-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही, पण ते औषध नाही.

मैत्रिणीने काय करायचं नाही, हेही आशाताईंनी पोरींना बजावलं होतं. कुणाला काय आजार आहे ते ठरवायचं नाही, गोळ्या सुचवायच्या नाहीत, आणि एकीने सांगितलेलं दुसरीकडे बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकदा बोभाटा झाला की पुन्हा कुणी तोंड उघडत नाही.

त्या शाळेचं पुढे काय झालं, विचाराल. मुख्याध्यापकांना भेटले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मॅडम, उघडी ठेवली की बाहेरची पोरं येऊन घाण करतात, नळ चोरीला जातात. म्हणून कुलूप." अडचण खरी आहे. पण तोडगा निघाला. आता एक किल्ली शिक्षिकाबाईंकडे आणि एक मुलींच्या वर्गात खिळ्याला टांगलेली. कुणाला विचारायचं नाही, घ्यायची आणि जायचं. खर्च झाला दुसरी किल्ली बनवायचा, तेवढाच. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. टाकी आहे, नळजोडणी नाही. पोरी बादली भरून नेतात. ग्रामपंचायतीत अर्ज पडलेला आहे, मी मागे लागलेली आहे.

माझी विनंती एवढीच. या आठवड्यात आपापल्या गावच्या शाळेत जा. पालक म्हणून, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य म्हणून, नाहीतर नुसते गावकरी म्हणून. चार गोष्टी बघा. मुलींची मुतारी उघडी आहे का? आतून कडी लागते का? आत पाणी आहे का? किल्ली कुणाकडे असते? आणि गावातल्या आशाताईंना विचारा की समवयस्क शिक्षक म्हणून कुठल्या मुली निवडल्या आहेत, त्यांची शेवटची बैठक कधी झाली. नसतील निवडल्या तर ग्रामसभेत विषय घ्या. विषय घेताना शब्द स्पष्ट उच्चारा.

जे दिसेल ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. शाळेची बदनामी नको, फक्त स्थिती लिहा. मी यादी करून गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी, दोघांनाही एकाच दिवशी देणार आहे. वेगवेगळी दिली तर पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील.

आई आता सत्तरीला आली. परवा तिला हा सगळा प्रकार सांगितला. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तुला ताप आला तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मला पण नववीत, दहावीत व्हायचं तसं. कुणाला सांगितलं नाही."

तिने हे मला पस्तीस वर्षांनी सांगितलं. तुमच्या मुलीला एवढी वाट बघायला लावू नका.